डावं का उजवं

लातूर जिल्ह्यातली रसायनशास्त्राची पहिली ऑनलाइन परिषद मी उभी केली. म्हंजे परिषदेच्या स्टेजचे बांबू मी उभे केले, आन् त्यातलाबी एक चहाच्या टायमाला आडवा झाला.

मी मुरुडचा. मंडप, लाऊडस्पीकर, खुर्च्या, गाद्या-लोड, वरातीचं जनरेटर, असं आपलं दुकान हाय. शिक्षण चौथीपर्यंत. चौथीपर्यंत म्हंजे चौथीच्या दारापर्यंत. आत बसायचा योग आला न्हाई. मोठं अक्षर असलं तर दमादमानं लावतो, बारीक असलं की चष्मा घरी विसरल्याचं सांगतो. चष्मा मला न्हाईच.

अशा माणसाची आन् रसायनशास्त्राच्या प्रोफेसराची गाठ माईकमुळं पडली. लातूरला त्यांच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. मी सकाळी सकाळी स्टेजवर आपलं नेहमीचं, हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री, करून राहिलो होतो. समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या आन् मधोमध एक बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशीचे गृहस्थ एकटेच बसलेले. जरा वेळानं उठून स्टेजपाशी आले आन् म्हणले, तुम्ही वन टू थ्रीच्या पुढं कधी जातच न्हाईत, त्यापेक्षा हायड्रोजन, हेलियम, लिथियम म्हणून बघा. ह, ल, थ सगळे आवाज निघतात, माईकची बरोबर परीक्षा होते.

म्हणून बघितलं. खरंच बरोबर परीक्षा झाली, लिथियमला एक कर्णा बंद पडला.

तवापासून मी लग्नातबी तेच म्हणायला लागलो. औश्याकडं एका लग्नात मी "हायड्रोजन, हेलियम, लिथियम" चालू केलं तर नवरीचा मामा पळत आला. हे हेलियमराव कुणाकडचे, आमच्या यादीत न्हाईत. मी म्हणलं नवरदेवाकडचे असतील. मामा सरळ माणूस. पंगतीत हेलियमरावासाठी एक पान राखून ठेवलं. ते मी खाल्लं.

सरांचं नाव मी घेणार न्हाई. त्यांनीच बजावलंय, कुठं काही सांगाल तर माझं नाव टाकू नका, दुसऱ्याच्या चुका आपल्या नावावर छापायची मला सवय न्हाई.

सर मूळचे उदगीरकडचे. घर लिंगायत, सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मंग कॉलेज. भेटलं की नमस्काराच्या जागी "शरणार्थी" म्हणायचे आन् लगोलग विचारायचे, "डावं का उजवं?" हा प्रश्न ते कशालाबी लावायचे. चहा आला की कपाचा कान कुठल्या अंगाला हाय बघायचे. जिलबीचा वेढा कुठल्या बाजूनं फिरलाय ते बघितल्याशिवाय जिलबी तोंडात जायची न्हाई, तवर आमची संपायची. एकदा माझ्या मंडपाच्या गाठी बघत किती वेळ उभे. म्हणले, तुमच्या हाताखालचा तो गडी सगळ्या गाठी डाव्या अंगानं मारतो, तुम्ही उजव्या. दोघांच्या गाठी एकमेकीला आरशात बघितल्यासारख्या हायेत. मी म्हणलं, सर, त्याच्या सुटत न्हाईत आन् माझ्या सुटतात, मला तर तेवढाच फरक दिसतो.

हे डाव्या-उजव्याचं काय खूळ हाय म्हणून मी एकदा विचारलंच. सरांनी मला दोन्ही हात पुढं करायला लावले. सारखेच हायेत का? हायेत. बोटं तेवढीच? तेवढीच. मंग डावा हात उजव्या हातमोज्यात घालून दाखवा. कसा जाईल? तर म्हणले, औषधाच्या बारीक बारीक कणांचंबी तसंच असतं. घटक तेच, जोडणी तीच, पण एक कण डावा, एक उजवा. एक दुखणं बरं करतो, दुसरा निस्ता पडून राहतो, न्हाईतर घात करतो.

मला एवढं पटलं की तसाच उठून औषधाच्या दुकानात गेलो आन् डोकेदुखीची उजवी गोळी मागितली. दुकानदारानं माझं तोंड हुंगून बघितलं.

सरांच्या चपलांचा किस्सा तर कॉलेजात अजून सांगतात. सोमवारी महादेवाच्या देवळातून बाहेर आले तर यांची उजवी चप्पल गायब. कुणीतरी घाईत तीच घालून गेलेला आन् आपली डावी सोडून गेलेला. दुसरा माणूस असता तर शिव्या दिल्या असत्या. सर दोन्ही डाव्या घालून घरी आले, तेबी हसत. बाईंनी, म्हंजे त्यांच्या मंडळींनी, नवी चप्पल आणून ठेवली. सर हात लावायला तयार न्हाईत. कितीतरी दिवस दोन्ही डाव्या घालून कॉलेजला. चालताना एका अंगाला असे ओढले जायचे की दार सरळ समोर असलं तरी खिडकीपाशी पोचायचे. वर्गात गेले की टेबलावर पाय ठेवून पोरांना सांगायचे, बघा, चामडं तेच, टाके तेच, मापबी तेच, तरी पायाला फोड आलाय. शरीर फसत न्हाई.

पुढं ज्यानं उजवी नेली होती तो माणूस सापडला. आमच्याच मुरुडचा निघाला. त्याच्याबी पायाला फोड. सरांनी त्याला वर्गात नेऊन पोरांना दोन्ही फोड दाखवले. तो माणूस अजून मला विचारतो, त्या सरांनी मला माफ केलं का बक्षीस दिलं.

आता त्यांच्या मासिकाचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथं जाते.

सरांनी कॉलेजात एक रसायनशास्त्राचं मासिक काढलं होतं. ते त्याला जर्नल म्हणायचे. कागद न्हाई, छपाई न्हाई, सगळं इंटरनेटवर. कुणीबी उघडावं आन् फुकट वाचावं. मला आधी वाटलं पेपरच हाय, म्हणून मी सकाळी टाकायला पोऱ्या लागेल का विचारलं होतं. त्यात सरांची पोरंपोरी आपापल्या शोधाचे लेख लिहायची. कण कागदावर चपटा दिसतो, पडद्यावर बोटानं फिरवून चारी अंगानं बघता येतो, म्हणून सरांना कागद नको होता. डावं-उजवं काढायचं तर वस्तू फिरवून बघायला लागते म्हणायचे.

आन् एक नियम होता. लेख इंग्रजीत, पण शेवटी अर्धं पान मराठीत पाहिजेच. साधं, घरातल्या भाषेतलं. बाहेरगावचे मोठमोठे लोक म्हणायचे, हे कशाला? सर म्हणायचे, पोराला आपण काय केलं ते आईला वाचून दाखवता आलं पाहिजे. ज्याला ते मराठी अर्धं पान जमत न्हाई, त्याला इंग्रजीतलं बाकीचंबी कळलेलं नसतं.

मासिकाच्या प्रकाशनाला मला बोलावलेलं. प्रकाशन म्हणलं की पुस्तक चमकी कागदात गुंडाळायचं, वर रिबीन, पाहुण्यानं गाठ सोडायची, पुस्तक छातीपाशी धरायचं, फोटो. इथं पुस्तकच न्हाई. सगळे परेशान. मंग मी डोकं लावलं आन् लॅपटॉपच गुंडाळला. लई झकास गुंडाळला, चारी कोपरे दाबून, वर गुलाबी फूल. फक्त चालू लॅपटॉप असा गुंडाळायचा नसतो हे मला कुणी सांगितलं न्हाई. पाहुण्यांनी भाषणं ऐकली, गाठ सोडली, लॅपटॉप छातीपाशी धरला, तर तो गरम होऊन, बॅटरी संपून गार पडलेला. फोटोत सगळे काळ्या पडद्याकडं बोट दाखवून हसताना हायेत.

ते पाहुणे म्हंजे कॉलेजच्या संस्थेचे सचिव साहेब. मार्केट यार्डात त्यांची मोठी आडत. सोयाबीन असो का माणूस, साहेब आधी मनात काट्यावर ठेवून बघतात. त्या दिवशी काळा लॅपटॉप हातात तोलून म्हणले, "सर, ज्याला वजन न्हाई त्याला भाव न्हाई."

सर म्हणले, "हवेलाबी वजन असतं साहेब. आपण तिच्यात बसलोय म्हणून जाणवत न्हाई."

साहेब हसले, पण ते वाक्य त्यांनी मनात बांधून ठेवलं.

मंग लॉकडाऊन आला आन् सर त्यात असे रमले की बाकी दुनिया कोंडलेली आन् हे मोकळे. सगळे वर्ग लॅपटॉपवर. देशोदेशीच्या लोकांसंगं पडद्यावर बसायचे. त्याची सवय पुढं गेलीच न्हाई. समोर उभा असलो तरी आधी विचारायचे, "मंडपवाले, आवाज येतोय ना?" मी येतोय म्हणलं की मंगच पुढचं. भाजीवालीपुढं हात वर करून थांबायचे. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत असली तर हात तसाच वर. एकदा बाई त्यांना काहीतरी लई वेळ बोलत होत्या, सर गप. बाईंनी विचारलं ऐकू येतंय का. सर म्हणले, येतंय, पण मी माझा माईक बंद ठेवलाय. बाई म्हणाल्या, तीस वर्षांपूर्वी ठेवायला पाहिजे होता.

तर असे सर रिटायर व्हायला आले. आन् सचिव साहेबांनी मनात बांधून ठेवलेलं सोडलं. तुम्ही चालले, तुमच्या मागं हे जर्नल कोण बघणार? आन् बघायचं काय त्यात? कुणी वाचतं का? बंद करून टाकू. सरांनी एक दिवस मागून घेतला. एक ऑनलाइन परिषद घेतो म्हणले, बाहेरचे लोक येतील, तुम्ही स्वतः समोर बसा. साहेब म्हणले, ठीक. बाहेरची माणसं शेवटपर्यंत बसली तर चालू ठेवू. उठून गेली तर मंग मला बोलू नका.

हे सर मला सांगत होते तवा मी हॉलची मापं घेत होतो. त्यांचं तोंड सुकलेलं मी त्या एकाच दिवशी बघितलं. म्हणले, "मंडपवाले, भूकंपानंतर किल्लारी हलली. घरं नव्या जागी गेली, पण गावाचं नाव ऱ्हायलं, म्हणून पत्र पोचतं. माझ्या पोरांच्या लेखांना कागद न्हाई, कपाट न्हाई. निस्ता पत्ता हाय. तो पुसला की या पोरांनी काही केलंच नव्हतं असं होईल."

मी टेप गुंडाळला आन् विचारलं, खुर्च्या किती टाकू?

सर म्हणले, "लई नकोत. सगळे आपापल्या घरून येणार हायेत."

मी म्हणलं, "सर, घरून तर सगळेच येतात." आन् हॉलभर टाकल्या.

परिषदेत पहिलं बोलायचं होतं इस्लापूरच्या अश्विनीला. सरांची शेवटची विद्यार्थिनी. किनवटच्या रानातल्या कुठल्यातरी पाल्यातून तिनं एक औषधी कण काढला होता आन् त्यातलं डावं आन् उजवं वेगळं केलं होतं. पण ती बोलायची कधी? धबधब्याजवळची माणसं मोठ्यानं बोलतात म्हणतात. ही पोरगी आपला सगळा आवाज गावाजवळच्या सहस्रकुंडाला देऊन आली होती. माझ्याकडचा सगळ्यात भारी माईक तिच्या ओठाला लावला तरी निस्ता वारा ऐकू यायचा. सर तिच्याकडून आदल्या दिवशी सारखं भाषण म्हणून घेत होते. तिचा लेख त्या जर्नलमधला शेवटचा ठरणार का पुढच्यातला पहिला, हे तिच्याच तोंडावर आलेलं. तेवढ्यानं तिची वाचा आणखी बसली.

इकडं मी स्टेजच्या मागं बॅनर ताणून बांधलं. मोठं, निळं, त्यावर परिषदेचं नाव मराठीत, खाली इंग्रजीत, डावीकडं संस्थेचं चिन्ह, उजवीकडं सचिव साहेबांचा फोटो. सरांनी लॅपटॉप तिपाईवर ठेवून चालू करून ठेवला होता, त्यात स्टेज दिसत होतं. मी सहज डोकावलो.

लॅपटॉपमध्ये बॅनर उलटं. साहेबांचा फोटो डावीकडं, चिन्ह उजवीकडं, आन् अक्षरं सगळी पाठमोरी चाललेली. मी मागं वळून बॅनर बघितलं, सरळ. लॅपटॉपमध्ये बघितलं, उलटं. म्हणलं, बरं झालं मी बघितलं. उद्या सारी दुनिया बघणार आन् सरांची इज्जत जाणार. सर पोरीकडून बोलून घेण्यात गुंतलेले. त्यांना कशाला तकलीफ द्यायची? आपण एवढ्या लग्नांत एवढी बॅनरं लावली, हे आपलंच काम हाय.

तसाच गाडीला किक मारून फ्लेक्सवाल्याकडं गेलो. म्हणलं हेच बॅनर उलटं छाप. तो म्हणला, उलटं म्हंजे? म्हणलं, आरशात बघितल्यासारखं. तो म्हणला, दादा, घरी काही झालंय का? मी त्याला समजावून सांगितलं की हे लग्नाचं काम न्हाई, ऑनलाइन हाय, यातलं तुला कळायचं न्हाई. शेवटी त्यानं छापलं. पण माझ्याकडं बघत छापलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी जुनं सोडलं, नवं बांधलं. लॅपटॉप चालू होता, त्यात बघितलं. फस्क्लास. साहेबांचा फोटो उजवीकडं, अक्षरं सरळ. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण गेलं. तेवढ्यात सचिव साहेब आले. बॅनरकडं बघून जागीच थांबले.

"हे काय हाय रे?"

मी म्हणलं, "साहेब, काळजी करू नका. इथं उलटं हाय, जगात सरळ हाय."

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं ओलं सोयाबीन घेऊन आलेल्याकडं बघतात. पण लॅपटॉपमध्ये डोकावले तर खरंच सरळ. त्यांनाबी वाटलं असणार, या मशिनीचं काही सांगता येत न्हाई. गपचिप जाऊन बसले.

सर आले ते अश्विनीला धीर देतच आले. बाहेरची माणसं पडद्यावर एकेक उगवायला लागली. छोट्या छोट्या चौकटीत तोंडं. एक म्हातारी बाई कुठल्यातरी थंड देशातली, घरातबी अंगात स्वेटर. कुणी बंगळूरचं, कुणी हैदराबादचं, कुणी समुद्रापलीकडचं. सरांनी सगळ्यांना विचारलं, आवाज येतोय ना? येतोय म्हणले. मंग सरांनी वळून बॅनर बघितलं. मंग लॅपटॉप बघितला. मंग परत बॅनर. त्यांच्या तोंडावर असं काही आलं की मला वाटलं आता शाबासकी देतात.

ते माझ्या कानापाशी आले आन् अगदी शांतपणे म्हणले, "मंडपवाले, हा लॅपटॉप आपल्याला आरशासारखं दाखवतो. फक्त आपल्याला. बाकीच्यांना जसं हाय तसंच दिसतं."

मी बोटावर हिशोब लावला. म्हंजे हॉलमध्ये उलटं. हैदराबादला उलटं. त्या स्वेटरवाल्या बाईच्या देशात उलटं. सगळ्या दुनियेत आमच्या एकट्या लॅपटॉपवर सरळ.

तवर बाहेरच्यांचं लिहून यायला लागलं होतं, तुमचं बॅनर उलटं हाय. कुणी हसतंय, कुणी मान वाकडी करून वाचतंय. दोन चौकटी विझल्याबी. साहेबांपर्यंत गोष्ट पोचली. ते खुर्चीतून अर्धे उठले आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणले, काढा ते, आन् बंद करा हा तमाशा. मी बॅनर सोडायला पुढं झालो तर एरवी आपसूक सुटणारी माझी गाठ आज सुटेना. आन् अश्विनी माईकपुढं उभी, ओठ हलून राहिले, आवाज न्हाई.

सर आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांनी हात वर केला. शाळेतल्या पोरावानी, तिनं बघेपर्यंत वर ठेवला. तिनं बघितलं. सर म्हणले,

"अश्विनी, डावं का उजवं?"

तिनं सरांकडं बघितलं, वळून बॅनर बघितलं, आन् माझ्याकडं बघून हसली. आन् मंग बोलली. माझ्या माईकमध्ये पहिल्यांदा वाऱ्याच्या जागी शब्द आले.

"हे बॅनर वाचायला तुम्हाला त्रास होऊन राहिलाय. यात एक अक्षर कमी न्हाई, एक जास्त न्हाई. शाई तीच, कापड तेच. तरी वाचता येईना. मी ज्या कणावर काम केलंय, त्याच्याबी अशाच दोन जाती हायेत. आपल्या शरीराला त्यातली एकच वाचता येते."

आधी मराठीत म्हणली, सरांनी सवयच तशी लावलेली, मंग इंग्रजीत. इंग्रजी मला कळलं न्हाई, पण पडद्यावर काय झालं ते दिसलं. ती स्वेटरवाली म्हातारी मोठ्यानं हसली आन् तिनं आपले दोन्ही तळहात कॅमेऱ्यापुढं धरले. तिचं बघून दुसऱ्यानं धरले, तिसऱ्यानं धरले. बघता बघता सगळ्या चौकटीत तळहातच तळहात, डावे आन् उजवे, जशी काही सगळी दुनिया आशीर्वाद देऊन राहिलीय. विझलेल्या दोन चौकटी परत लागल्या. मी बॅनर धरून तसाच उभा. साहेबांनी मला खुणेनं सांगितलं, राहू दे आता.

पोरगी शेवटपर्यंत कुठं अडखळली न्हाई. कण पडद्यावर फिरवून फिरवून दाखवला. प्रश्न आले, तिनं उत्तरं दिली. बाकीच्या पोरांचंबी झालं. मधी चहाला माझा बांबू पडला, तवा लोकांना वाटलं हेबी काही समजावून सांगायला पाडलाय. दिवस संपला तरी माणसं उठेनात. बॅनरचा फोटो आमच्या वर्गात दाखवू का विचारून राहिले, जर्नलचा पत्ता मागून राहिले.

समारोपाला सचिव साहेब उठले. त्यांनी आधी हॉल बघितला, मंग पडदा बघितला. मनातला काटा कुठं झुकला ते मला खालून दिसलं. म्हणले, ही उलट्या बॅनरची कल्पना आमच्या संस्थेनं लई विचार करून राबवली. आन् आपलं हे जर्नल, जोवर कॉलेज हाय तोवर बंद पडणार न्हाई.

सर माईकपाशी गेले आन् नम्रपणे म्हणले, "साहेब, आवाज नीट आला नसेल बाहेर. परत एकदा म्हणता का?"

साहेबांनी परत म्हणलं, मोठ्यानं. सरांनी ते सगळं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. जर्नल उघडलं की आजबी सगळ्यात वर साहेबच बोलताना दिसतात. काढायचं कुणाच्या मनात आलं तर आधी साहेबांना काढावं लागेल.

सर रिटायर झाले. जर्नल आता अश्विनी बघते. ते उलटं बॅनर सरांनी मागून घेतलं आन् घराच्या व्हरांड्यात लावलं, समोरच्या भिंतीला आरसा. येईल त्याला आधी बॅनर वाचायला लावतात, मंग आरशाकडं वळवतात, मंग चहा. बाई म्हणतात, पाहुणे कमी झालेत, चहापत्ती वाचते. सरळ बॅनर माझ्याकडं हाय. जनरेटरवर टाकलंय, पावसात उपयोगी पडतं.

परवा अश्विनीचा फोन आला. काका, परिषदेतला माझा लेख जर्नलमध्ये आलाय, त्यात मराठी पानावर शेवटची ओळ तुमच्यासाठी हाय. तिनं पाठवलेलं फोनवर उघडलं. अक्षर मुंगीएवढं. पण मुंगी असली तरी आपली मुंगी. मी सगळ्या मुरुडभर फिरलो. हॉटेलात, कटिंगच्या दुकानात, बसस्टँडवर, फोन वर धरून सांगायचो, रसायनशास्त्रात आपलं नाव छापून आलंय. लोक म्हणायचे वा. कुणी वाचायला वाकला की मी फोन खिशात घालायचो, उगं पडदा खराब व्हायला नको. तो चपलेच्या फोडवाला तर माझ्या पाया पडला.

संध्याकाळी घरी आलो. आमची घरची सातवी पास हाय. जेवायला वाढता वाढता तिला म्हणलं, हे बघ, तुझ्या बापानं पोरगी कुणाला दिली ते देशोदेशीच्या लोकांना कळलं. शेवटची ओळ वाच. मोठ्यानं वाच.

तिनं हात पदराला पुसले, फोन दिव्याखाली धरला आन् पहिल्यांदा मनातल्या मनात वाचलं. मंग मोठ्यानं वाचलं.

"'मंडपवाल्या काकांच्या चुकीचे मनापासून आभार.'"

मी म्हणलं, "बघ."

तिनं फोन माझ्या ताटाजवळ ठेवला आन् भाकरी वाढली.

"काय बघ? आभार चुकीचे मानलेत. तुमचे न्हाईत."